ऑथेल्लोला किती गुण?

कवी चॉसरचे यात्रेकरू लंडनजवळच्या सदर्कमधल्या खाणावळीतून निघतात आणि एकमेकांना गोष्टी सांगत कँटरबरीची वाट धरतात. नाटककार ख्रिस्तोफर मार्लो १५६४ मध्ये याच कँटरबरीत जन्मला आणि तिथल्याच किंग्ज स्कूलमध्ये शिकला. इंग्रजी साहित्याशी एवढे जुने नाते असलेल्या या गावातल्या कँटरबरी क्राइस्ट चर्च विद्यापीठाने २०२४ च्या अखेरीस जाहीर केले, की इंग्रजी साहित्याची पदवी पुढे चालवणे आता शक्य नाही. २०२५ पासून नवे प्रवेश बंद. शेफील्ड हॅलम विद्यापीठाचा असाच निर्णय २०२२ मध्ये येऊन गेला होता. दोन्ही वेळा बरीच हळहळ झाली. लेखक चिडले, प्राध्यापकांनी पत्रे लिहिली.

हळहळ खरी होती, पण उशिराची. विद्यापीठांचे वर्ग रिकामे होण्याआधी शाळांचे झाले होते. अठराव्या वर्षीच्या ए-लेव्हल परीक्षेला इंग्रजी साहित्य घेऊन बसणाऱ्यांचा आकडा २०१७ मध्ये चाळीस हजारांच्या बराच पुढे होता; २०२२ मध्ये तो ३६ हजारांच्या खाली आला. त्या वर्षी हा विषय सर्वाधिक पसंतीच्या पहिल्या दहा विषयांतून प्रथमच बाहेर पडला आणि त्याची जागा भूगोलाने घेतली. गणित मात्र चढतच राहिले. २०२४ मध्ये एका वर्षात एक लाखाहून अधिक नोंदणी झालेला तो पहिला ए-लेव्हल विषय ठरला.

मोबाइलने वाचन खाल्ले, मुलांना धीर उरला नाही, सगळ्यांना पैसा हवा, अशी कारणे तयारच असतात. ती अगदीच खोटी नाहीत. पण ज्या विषयाकडे मुले पाठ फिरवत आहेत, तो निदान कागदावर तरी इंग्लंडच्या शालेय शिक्षणातला सर्वांत समंजस विषय आहे, हे या कारणांच्या गर्दीत कोणी बोलत नाही. दुखणे आहे ते त्याच्या आधीच्या इयत्तांत.

ए-लेव्हलचा अभ्यास होतो तो सिक्स्थ फॉर्ममध्ये, म्हणजे सोळा ते अठरा वयाच्या दोन वर्षांत. वय आपल्या अकरावी-बारावीचे, पण शास्त्र, वाणिज्य, कला अशा शाखा नाहीत. सोळाव्या वर्षी जीसीएसईच्या आठ-नऊ विषयांची परीक्षा देऊन आलेला विद्यार्थी इथे साधारण तीनच विषय ठेवतो, आणि ते तीन कोणते हे त्याने ठरवायचे. गणित, रसायनशास्त्र आणि इंग्रजी साहित्य असे त्रिकूट कोणी जमवले, तर त्यात विचित्र काही नाही. म्हणजे साहित्याच्या वर्गात बसलेले प्रत्येक मूल दुसरे काहीतरी सोडून तिथे आलेले असते. ही निवड त्या वर्गाची मोठी ताकद आहे.

२०१५ पासून शिकवल्या जाणाऱ्या सध्याच्या अभ्यासक्रमात किमान आठ साहित्यकृती वाचाव्या लागतात. त्यांतल्या निदान तीन १९०० च्या आधीच्या, त्यांत शेक्सपिअरचे एक नाटक, आणि निदान एक कृती २००० नंतर प्रकाशित झालेली किंवा रंगमंचावर आलेली. या चौकटीत पुस्तके निवडण्याचे काम वेगवेगळी परीक्षा मंडळे करतात. एक्यूए या मोठ्या मंडळाच्या एका अभ्यासक्रमात पहिल्या पेपरचा विषय आहे युगानुयुगांचे प्रेम. त्यात शेक्सपिअरच्या चार नाटकांतून एक निवडायचे; ऑथेल्लो त्यांतले एक. शिवाय एक कादंबरी आणि एक कवितासंग्रह यांची तुलना, आणि आधी कधी न पाहिलेल्या दोन कवितांचे रसग्रहण. पेपर तीन तासांचा. दुसऱ्या पेपरला एक तर पहिले महायुद्ध किंवा १९४५ नंतरचा काळ. या दुसऱ्या पर्यायात मार्गारेट ॲटवूडची ‘द हँडमेड्स टेल’ आहे, टेनेसी विल्यम्सचे नाटक आहे आणि अरुंधती रॉय यांची ‘द गॉड ऑफ स्मॉल थिंग्ज’सुद्धा आहे.

ऑथेल्लोवरचा प्रश्न कसा असतो, हे पाहण्यासारखे आहे. नाटकातला एक उतारा छापलेला असतो आणि सोबत एखादे ठाम विधान: मत्सराविषयी, नवऱ्यांच्या अहंकाराविषयी, बायकांच्या भोळेपणाविषयी. त्या विधानाच्या उजेडात नाटक तपासायचे. विधान मान्य करायचे, फेटाळायचे, की निम्मे धरून निम्मे सोडायचे, हे विद्यार्थ्याच्या हाती. सेनापती ऑथेल्लोच्या मनात संशय पेरणारा इयागो हे सगळे का करतो, या प्रश्नाला चारशे वर्षांत कोणी शेवटचे उत्तर देऊ शकलेले नाही. बढती हुकली म्हणून? बायकोचा संशय म्हणून? काळ्या सेनापतीचा हुकूम पाळावा लागतो म्हणून? की कारणे तो स्वतःच नंतर शोधतो आहे? सतरा वर्षांच्या मुलीने यांतले एक उत्तर निवडले आणि नाटकातल्या ओळींवर ते उभे करून दाखवले, तर परीक्षक तिचे गुण कापत नाही. एकाच कृतीचे निरनिराळे अर्थ लावता येणे हा गुणदानाच्या पाच अधिकृत निकषांपैकी एक आहे. बोर्डाच्या परीक्षेत मतभेदाला गुण मिळतात, हे आपल्याकडच्या ‘संदर्भासह स्पष्टीकरण’वर वाढलेल्या माणसाला जरा परीकथेसारखेच वाटेल.

राहिलेले वीस टक्के गुण परीक्षेबाहेरचे. एक्यूएच्या या अभ्यासक्रमात ते सुमारे अडीच हजार शब्दांच्या एका निबंधाला आहेत. विद्यार्थ्याने स्वतः दोन पुस्तके निवडायची, त्यांतले एक १९०० पूर्वीचे, आणि प्रश्नही स्वतःच तयार करायचा. शिक्षक सल्ला देतात, पण निबंध लिहून देत नाहीत. प्रश्न तयार करायला भाग पाडणारा विषय शालेय शिक्षणात दुर्मीळ असतो, आणि बहुतेक मुलांची पहिली दमछाक इथेच होते. उत्तरे देऊन देऊन तयार झालेल्या हाताला प्रश्न लिहिता येत नाही.

अपठित कवितेचा भाग तर एका गाजलेल्या प्रयोगातून उतरला आहे. केंब्रिजमध्ये आय. ए. रिचर्ड्स या प्राध्यापकाने १९२० च्या दशकात विद्यार्थ्यांना कवींची नावे काढून टाकलेल्या कविता वाचायला दिल्या आणि अभिप्राय लिहून मागितले. नाव झाकल्यावर भल्याभल्यांची तारांबळ उडाली. थोर कवींना झोडपले गेले आणि किरकोळ कवितांवर फुले उधळली गेली. १९२९ मध्ये त्यावर त्याचे पुस्तक आले. कवीचे नाव, काळ, गाईड असे काहीही हाताशी नसताना कागदावरच्या ओळींचे काय करायचे, हा रिचर्ड्सचा प्रश्न आजही प्रत्येक उन्हाळ्यात परीक्षेच्या सभागृहात विचारला जातो.

या विषयाच्या जन्मकथेत मुंबईलाही जागा आहे. गौरी विश्वनाथन यांनी ‘मास्क्स ऑफ कॉन्क्वेस्ट’ या १९८९ च्या पुस्तकात दाखवून दिले, की इंग्रजी साहित्य हा अभ्यासाचा रीतसर विषय म्हणून आधी वसाहतीत, हिंदुस्थानात रुजला आणि इंग्लंडात त्याला मान नंतर मिळाला. मुंबई विद्यापीठ १८५७ चे. ऑक्सफर्डमध्ये इंग्रजीचा स्वतंत्र अभ्यासक्रम १८९० च्या दशकात सुरू झाला, तोही भांडणानंतर. फ्रीमन नावाच्या इतिहासकाराचा १८८७ मधला आक्षेप असा, की शेलीच्या बायकोविषयीच्या गप्पांची परीक्षा कशी घेणार? ऑक्सफर्डमध्ये हा वाद चालला होता त्याच काळात मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात कवी वर्ड्सवर्थचा नातू विल्यम वर्ड्सवर्थ प्राचार्य होता, आणि गोपाळ कृष्ण गोखले तिथून १८८४ मध्ये बी. ए. होऊन बाहेर पडले होते.

इंग्रज सरकारला या वाचनातून आज्ञाधारक माणसे हवी होती. मराठी मुलखात झाले भलतेच. आगरकरांनी हॅम्लेट घेतला आणि १८८३ मध्ये त्याचे ‘विकारविलसित’ केले. देवलांनी १८९० मध्ये ऑथेल्लोचा ‘झुंझारराव’ करून रंगभूमीवर आणला. ‘द टेमिंग ऑफ द श्रू’ची वासुदेव बाळकृष्ण केळकरांनी ‘त्राटिका’ केली. आणि गंमत अशी की एक्यूएच्या त्या चार नाटकांत हेही आहे. पुढे इंग्रजीचे प्राध्यापक असलेल्या विंदांनी ‘राजा लिअर’ आणले, शिरवाडकरांनी लिअरच्या दुःखातून ‘नटसम्राट’ उभे केले. परीक्षेसाठी नेमलेल्या पुस्तकाशी ही माणसे भांडली, त्याला आपले कपडे चढवले. साहित्य शिकणे म्हणजे काय याचा याहून चांगला पुरावा कुठल्याही परीक्षा मंडळापाशी नसेल.

मग इंग्लंडात बिघडले कुठे?

सोळाव्या वर्षीच्या जीसीएसईत. शिक्षणमंत्री मायकल गोव्ह यांच्या सुधारणांनी २०१५ पासून जीसीएसईचा इंग्रजी साहित्याचा पेपर पूर्णपणे अंतिम परीक्षेवर आला. वर्गात लिहिलेल्या कामाचे गुण गेले, आणि परीक्षेत पुस्तक जवळ ठेवता येईनासे झाले. शेक्सपिअरचे एक नाटक, एकोणिसाव्या शतकातली एक कादंबरी, १९१४ नंतरची एक ब्रिटिश कादंबरी किंवा नाटक, शिवाय कवितांचा एक गुच्छ, आणि या सगळ्यांतली अवतरणे डोक्यात. एक्यूएच्या पेपरात एक कविता छापून मिळते, तिच्याशी तुलना करायची दुसरी कविता आठवणीतून आणायची. यावर शाळांनी शोधलेला उपाय कोणालाही सुचेल असाच आहे: अवतरणांची चिठ्ठीवजा कार्डे, ठरावीक ओळींचे पाठांतर, आणि परिच्छेदाचा साचा. आधी मुद्दा, मग पुरावा, मग स्पष्टीकरण. पुन्हा मुद्दा, पुरावा, स्पष्टीकरण. साचा वाईट नसतो. दुबळ्या विद्यार्थ्याला तो काठीसारखा आधार देतो. पण तीन वर्षे काठी धरून चालवलेल्या धडधाकट मुलाला आपल्याला पाय आहेत याचाच विसर पडतो.

पुस्तकांची निवडही आखडत गेली. शिक्षकांकडे वेळ कमी, शाळेच्या कपाटात आधीपासून असलेल्या प्रती जास्त, आणि निकालाची धास्ती. त्यामुळे वर्षामागून वर्षे मॅक्बेथ, प्रीस्टलीचे ‘ॲन इन्स्पेक्टर कॉल्स’ आणि डिकन्सचे ‘अ ख्रिसमस कॅरोल’ यांचाच रतीब चालू आहे. शेवटचे पुस्तक आकाराने लहान आहे, हा त्याचा काही कमी महत्त्वाचा गुण नाही. पेंग्विन आणि रनिमीड ट्रस्ट यांच्या २०२१ च्या अहवालानुसार, गोरेतर लेखकाच्या पुस्तकावर जीसीएसईचे उत्तर लिहिणारे विद्यार्थी एक टक्काही नव्हते. आणि इंग्लंडच्या शाळांतली एक तृतीयांश मुले गोरेतर आहेत. ओसीआर मंडळाने २०२२ मध्ये आपल्या संग्रहातून पंधरा कविता काढून पंधरा नव्या घेतल्या, त्यांत लार्किन आणि ओवेन यांच्या कविता गेल्या, तर तेव्हाचे शिक्षणमंत्री नदीम झहावी यांनी त्याला सांस्कृतिक विध्वंस म्हटले. ओवेनची एक कविता गाळल्याने इंग्रजी संस्कृती कोसळत असेल तर ती आधीच डळमळीत असली पाहिजे. दुसरीकडे एडएक्सेल मंडळाने तनिका गुप्ता यांचे ‘द एम्प्रेस’ हे नाटक यादीत घेतले. त्यात व्हिक्टोरिया राणीचा मुन्शी अब्दुल करीम आहे, मालकिणीने लंडनमध्ये वाऱ्यावर सोडलेली हिंदुस्थानी आया आहे, आणि ब्रिटिश पार्लमेंटात निवडून गेलेले आपले दादाभाई नौरोजीही आहेत. असे नाटक वाचलेले मूल सोळाव्या वर्षी साहित्याला रामराम ठोकेल, की पुढचे पान उलटेल?

जीसीएसईत साहित्य म्हणजे पाठांतर, असा दोन-तीन वर्षे अनुभव घेतलेल्या मुलाला ए-लेव्हलच्या वर्गात मत मांडायला मिळते, हे सांगणार कोण? ते कळण्याआधीच त्याने अर्ज भरलेला असतो. त्यात आजूबाजूचा सूरही तसाच. पदवीचे वार्षिक शुल्क २०१२ मध्ये तीन हजार पौंडांच्या थोड्या वरून थेट नऊ हजारांवर गेले. २०२५ मध्ये ते ९,५३५ पौंड झाले. नऊ हजार मोजताना घरचे लोक हिशेब करणारच. शिक्षणमंत्री निकी मॉर्गन २०१४ मध्ये मुलांना सांगत होत्या, की दारे उघडी ठेवायची तर विज्ञान आणि गणित घ्या. पंतप्रधान सुनक यांनी २०२३ मध्ये कमी मोलाच्या पदव्यांना चाप लावण्याची भाषा केली. मोल कसे मोजणार, तर बऱ्याच अंशी पगारावरून.

यावर साहित्याच्या बाजूने नेहमी दिले जाणारे उत्तर फसवे आहे. साहित्य शिकलेल्यांना संवादकौशल्य येते, कंपन्यांना असे उमेदवार आवडतात, वगैरे. हे थोडेफार खरे असेल, पण पगाराच्या मैदानात उतरून साहित्य गणिताला हरवणार नाही. ज्या खेळात हरणार हे ठाऊक आहे तो खेळावा कशाला? त्याऐवजी साधी गोष्ट सांगावी. इथे दोन वर्षे, कोणी बोट न धरता, लांबलचक आणि अवघड मजकूर वाचायला शिकवतात आणि तुमच्या मताला पुरावा मागतात. ज्याला हे नको त्याने खुशाल दुसरे घ्यावे.

स्लाव, हॅरो, रेडिंग या भागांत स्थिरावलेल्या मराठी घरांनाही यात काही विचार करण्यासारखे आहे. मुलाने किंवा मुलीने ए-लेव्हलला गणित, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र घ्यावे, फार तर जीवशास्त्र, ही अपेक्षा समजण्यासारखी आहे. आईबाप आयटी किंवा वैद्यकीय क्षेत्राच्या वाटेने तिकडे गेले, त्यांना जी वाट माहीत तीच ते दाखवणार. पण बहुतेक वैद्यकीय महाविद्यालये रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र या दोनांपैकी एक किंवा दोन्ही मागतात. तिसरा विषय विद्यार्थ्याने ठरवायचा असतो. कायद्याच्या पदवीला तर ठरावीक विषयांची अट बहुतेक ठिकाणी नसतेच. रसेल ग्रुप या नामवंत विद्यापीठांच्या गटाने एके काळी सगळ्या वाटा खुल्या ठेवणाऱ्या विषयांची जी यादी चालवली, आणि २०१९ मध्ये मोडीत काढली, तिच्यात गणित-भौतिकशास्त्राच्या बरोबरीने इंग्रजी साहित्य होते. डॉक्टर होऊ पाहणाऱ्या मुलीने तिसरा विषय म्हणून ऑथेल्लो वाचला, तर तिचे नुकसान कसे होते हे कोणी तरी समजावून द्यावे. दुसऱ्याच्या मनात संशय कसा पेरला जातो, हे कळणे दवाखान्यात उपयोगी पडणारच नाही असे नाही.

मुलग्यांचा प्रश्न वेगळा आणि जास्त गंभीर आहे. ए-लेव्हलच्या इंग्रजी साहित्याच्या वर्गात दर चारांत तीन मुली असतात. हे जीवशास्त्राने ठरवलेले नाही. भावनांविषयी बोलणे म्हणजे मुलींचे काम, अशी समजूत शाळेतच घट्ट होते आणि पंधराव्या वर्षी कोणी ती हलवत नाही. रिचर्ड्सच्या प्रयोगातली तरुण मंडळी कवितेवर तावातावाने लिहीत होती, यावर आजच्या मुलग्यांचा विश्वास बसणे कठीण.

उपाय फार दूर नाहीत. जीसीएसईच्या पेपरात पुस्तक जवळ ठेवू द्यावे. मग परीक्षक स्मरणशक्ती तपासण्याऐवजी वाचन तपासतील. पुस्तकांच्या याद्या रुंद कराव्यात आणि नव्या पुस्तकांच्या प्रती घेण्यासाठी शाळांना पैसे द्यावेत, कारण यादी बदलली तरी कपाट बदलत नाही. सरकारने नेमलेल्या बेकी फ्रान्सिस यांच्या समितीचा अभ्यासक्रमाविषयीचा अहवाल नोव्हेंबर २०२५ मध्ये आला. जीसीएसईच्या परीक्षांचा एकूण वेळ निदान दहा टक्क्यांनी कमी करावा असे त्यात म्हटले आहे. हे ठीक, पण तास कमी केल्याने प्रश्नांचा स्वभाव बदलत नाही.

नवे संकट ए-लेव्हलच्या त्या अडीच हजार शब्दांच्या निबंधावर आहे. चॅटजीपीटी आल्यापासून घरी लिहिलेले काम खरेच विद्यार्थ्याचे आहे का, ही शंका प्रत्येक शिक्षकाला छळते, आणि निबंधच काढून टाकून सगळे गुण पेपरवर न्यावेत असा सोपा मार्ग खुणावू लागतो. तो मार्ग धरला तर जीसीएसईत २०१५ नंतर जे झाले तेच दोन वर्षांनी वरच्या वर्गात होईल. निबंध ठेवावा आणि त्याला तोंडी परीक्षा जोडावी. विद्यार्थ्याने शिक्षकासमोर बसावे आणि ही दोनच पुस्तके का निवडलीस, हा परिच्छेद इथे का आला, इयागोविषयी तू जे लिहिलेस त्याच्या उलट कोणी म्हटले तर काय सांगशील, यांना पंधरा मिनिटे उत्तरे द्यावीत. ज्याने स्वतः वाचले आहे तो अडखळला तरी टिकतो. ज्याने दुसऱ्याकडून लिहून आणले तो दुसऱ्या प्रश्नाला उघडा पडतो. वीस जणांचा वर्ग धरला तर हे काम पाच तासांचे आहे.